चादरीची घडी

माझी बायको लोरेन वारल्यापासून आमच्या तळघरातला कपडे वाळवायचा ड्रायर ठकठक वाजायचा. शेवटी शेजारचा व्हर्नन हत्यारं घेऊन आला.

"ड्वेन, हा ड्रायर आहे की ढोल?" म्हणत त्याने ड्रमखालची झिजलेली चाकं बदलली. "आता चूं करणार नाही बघ."

मला तीच भीती होती. त्या आवाजामुळे घर रिकामं वाटत नव्हतं.

चादर वाळली की लोरेन ड्रायरवर तीन ठोके मारायची. मग मी खाली जायचो आणि आम्ही दोघं घडी घालायचो.

व्हर्नन गेल्यावर मी चादर वाळवली. ड्रायर खरंच गप्प होता. प्लग काढून मी वर आलो.

खालून तीन ठोके ऐकू आले.

माझा जीव भांड्यात पडला. खाली जाऊन मी चादरीची दोन टोकं धरली. समोरची दोन हळूच वर उचलली गेली.