नऊ ते एक, सर

रविवारी सकाळी दहा वाजता मोहन खेडकरनं जेवणाच्या टेबलावर बैठक बोलावली. विषय एकच होता: सोळा वर्षांच्या प्रणोतीचं व्याकरण बंद करायचं की चालू ठेवायचं.

मुलीला त्यानं पाचवीतच शाळेतून काढलं होतं. शाळेतल्या मास्तरांना काही येत नाही, असं त्याचं मत होतं. मग स्वतःची नोकरीही सोडली आणि घरीच शिकवायला बसला. रोज नऊला देवघरातली घंटा वाजवायची, आणि एक वाजेपर्यंत मुलीनं त्याला बाबा नाही, सर म्हणायचं. घर बायकोच्या, प्रतिमाच्या पगारावर चाले. ती फॅक्टरीच्या लेखा कार्यालयात होती. नऊ ते एकच्या मधे तिनं घरी फोन केला, तर नवरा "वर्ग चालू आहे" म्हणून ठेवून द्यायचा. सिलिंडर संपलाय का, हे विचारायलाही तिला एक वाजायची वाट पाहावी लागे.

आता प्रणोतीला ढोरांची डॉक्टर व्हायचं होतं. घमापूरच्या डॉक्टर क्षमा तिला दवाखान्यात हाताशी घ्यायला तयार होत्या. वेळ सकाळी नऊची. सोमवारी आलीस तर तू, नाही तर दुसरी मुलगी, असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

बाहेरचे परीक्षक म्हणून मोहनचे मामा बाबाराव आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. व्याकरणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण कमानिया गेटवरून खव्याची जलेबी आणली होती आणि ती संपेपर्यंत ते उठणार नव्हते.

"विचारा मामा, काहीही विचारा."

"मी काय विचारू? तूच विचार. मी ऐकून राहिलो."

मोहननं विचारलं. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. समास झाले, प्रयोग झाले, वाक्यांची चिरफाड झाली. वाटाणे सोलता सोलता गप्पा माराव्यात तशी प्रणोती खिडकीबाहेर बघत उत्तरं देत गेली. एकही चुकलं नाही.

"चलो, पोरगी पास," बाबाराव म्हणाले. "बंद कर आता."

"असं कसं मामा? पाठ आहे, मुरलं नाही." मोहननं चष्मा पुसला. "पाया कच्चा आहे. होळीपर्यंत पाहू."

"मागे दिवाळीपर्यंत म्हणाले होते तुम्ही," प्रतिमा म्हणाली. "हा पाया आहे का आपल्या गल्लीतला रस्ता? खोदूनच राहिले."

बाबाराव तोंडातल्या जलेबीसकट हसले. मोहन उठला.

"तू फॅक्टरीचा हिशेब बघ. शिक्षण माझ्याकडे आहे," तो म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला. रुसला की तो चहा करायचा, आणि तो चहा कोणालाच पिववत नसे.

प्रतिमा मुलीकडे वळली. "काहून गप बसली? तोंडावर सांग ना, उद्यापासून नाही बसत म्हणून."

"माझं तर दिवाळीतच संपलं, आई."

"मग?"

"मग काय. त्यांच्यासाठी बसून राहिली मी." प्रणोतीनं दाराकडे पाहिलं. "बंद केलं तर नऊ वाजता ते काय करतील?"

बाबारावांचा हात जलेबीवरच थांबला. आतून मोहन विचारत होता, आलं किती घालू.

"तू उद्या जा," प्रतिमा म्हणाली. "त्यांना मी आज सांगते."

"पक्कं?"

"पक्कं. त्यात काय एवढं?"

दुपारी मोहन झोपला होता. संध्याकाळी तो पट्टी घेऊन होळीपर्यंतचं वेळापत्रक आखत बसला. प्रतिमा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्याला बरंच काही ऐकवलं होतं, पाहुण्यांसमोर, सासरच्यांसमोर, आणि एकदाही जीभ अडखळली नव्हती. त्यानं लाल शाईनं सोमवार लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली.

"काय?" त्यानं न वळता विचारलं.

"काही नाही. रेघा सरळ आल्यात."

सोमवारी सकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर फॅक्टरीला निघाली. मोहन तेव्हा आंघोळीला गेला होता. प्रणोती सायकलमध्ये हवा भरत होती. तिनं आईकडे पाहून भुवया उंचावल्या. प्रतिमानं मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे मुलीनं आपल्या सोयीनं ठरवलं असावं.

सव्वानऊला शेजारच्या नंदाचा फोन आला.

"दीदी, प्रणोती तो साइकिल लेके निकल गई. कबकी."

"अच्छा."

"और भैया ने घंटी बजाई, टाइम पे."

"मग?" प्रतिमानं मराठीतच विचारलं.

फोनमध्ये नंदाच्या मागून भिंतीपलीकडचा मोहनचा आवाज येत होता. चढा, सावकाश, एकेक शब्द तोडून.

"पढ़ा रहे हैं, दीदी. किसको पढ़ा रहे हैं, वो इधर से नहीं दिखता."

प्रतिमानं फोन ठेवला. समोर आलेल्या माणसाला हातानंच थांबायला सांगितलं आणि घरचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग उचलला गेला.

"वर्ग चालू आहे," मोहन म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.