मुक्कामी गाडी

"पप्पा, एकदा नजर टाका, मग लॉक करते." प्रणिताने लॅपटॉप माणिकरावांपुढे सरकवला. पसंतीक्रम भरायची मुदत पाच वाजता संपत होती.

माणिकराव उदगीर डेपोचे कंडक्टर. मेडिकलच्या अ‍ॅडमिशनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी कॉलेजांच्या यादीवरून फिरणारं त्यांचं बोट थबकलं. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, सोलापूर... आणि मुंबई थेट तळाला. हा हिशेब त्यांना झोपेतही चुकला नसता.

"ही यादी कॉलेज बघून नाही लावलीस, पोरी. घरापासूनचे किलोमीटर बघून लावलीस."

प्रणिता कर्सर लॉकच्या बटणाकडे नेऊ लागली.

"तुझ्या मार्कांना मुंबई मिळते म्हणाले ना सर?"

"मिळते. पण तुम्ही ड्यूटीवरून आल्यावर दार कोण उघडणार?"

तिची आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. तेव्हापासून माणिकरावांनी रात्री परगावी थांबणारी मुक्कामी गाडी एकदाही घेतली नव्हती. साहेब चिडायचे, सोबतचे हसायचे, पण हा माणूस रोज दिवेलागणीला घरी हजर.

त्यांनी मुंबईवर बोट ठेवलं. "ही वर घे. एक नंबरला."

"पप्पा, अहो..."

"घे म्हणतो ना!" मग आवाज उतरला. "उद्याच डेपोत अर्ज देतो, मला मुंबईची मुक्कामी द्या म्हणून. तू हॉस्टेलचं दार तेवढं उघडत जा."