हलकी दुर्बीण

दोराबशेठनी तिन्ही दुर्बिणी टेबलावर मांडल्या आणि सगळ्यात मोठी देवजीपुढं सरकवली. जर्मन काच आहे, दिवेलागणीलाही लख्ख दिसतं, वाघरासाठी रायफलीवर हीच बसव, असं त्यांनी सांगितलं. शेठ लाकडाचे ठेकेदार. खर्डी स्टेशनामागं त्यांचा बंगला. पूर्वी स्वतः शिकारीला जायचे, आता गुडघ्यांनी घरी बसवलं होतं.

देवजीनं दुर्बीण हातावर तोलली आणि खाली ठेवली.

"जड हाय," तो म्हणाला.

त्याची रायफल सांभाळत मंगळ्या ठाकूर दाराशी उभा होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला आता दुर्बीणसुद्धा पेलत नाही. फाल्गुनात देवजीच्या मचाणावरून सुटलेल्या गोळीनं वाघराचा पाय मोडला, जीव गेला नाही. लंगडं जनावर भेकरामागं धावणार कसं? ते पाड्यावर आलं. मोहाची फुलं वेचायला गेलेली भिमी, मंगळ्याची बायको, त्याचा पहिला बळी ठरली. आता चैत्र अर्धा सरला तरी फुलं झाडाखाली तशीच सुकत होती आणि पाडा दिवसाउजेडीच दारं ओढून घेत होता. परवाना एकट्या देवजीकडं, रायफलही त्याचीच. म्हणून मंगळ्या त्याच्याबरोबर आला होता, नाहीतर त्यानं त्याचं तोंडही पाहिलं नसतं.

उजेडात बघून येतो, असं सांगून देवजी एकेक दुर्बीण ओटीवर घेऊन गेला. ओटीवर त्याची बायको गिरजा माळ ओढत बसली होती. तिची व्रतं फार. परक्याच्या घरी ती पाणीही घेत नसे.

देवजी परतला तो सगळ्यात बारकी दुर्बीण घेऊन.

शेठ हसले. हे पोरांचं खेळणं आहे, संध्याकाळी यातून वाघरू नाही, वाघराची सावली दिसेल, म्हणाले.

"चालंल. जड असली की नेम हलतो. मागच्या टायमाला तेच झालं."

मग त्यानं दुर्बीण थोडी मागं, डोळ्याजवळ बसवायला सांगितली. एवढा ताडासारखा माणूस तू, तुझी मान आखडली की काय, असं शेठनी विचारलं. वय झालं, एवढंच देवजी म्हणाला. शेठ स्क्रू आवळायला बसले.

नेम जुळवायला देवजी मागच्या ओढ्यात उतरला. गिरजा पाठोपाठ गेली. मंगळ्याला त्यानं वरच थांबवलं. नेम धरताना कुणी बघितलेलं त्याला खपत नसे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. खालून चार-दोन बार ऐकू आले.

तानशाच्या रानाकडं जाताना देवजी पुढं होता. मागून मंगळ्या आणि गिरजा. नवरा रानात असेतो अन्न घ्यायचं नाही आणि त्याला एकटं सोडायचं नाही, असं तिचं जुनं व्रत. ती मचाणावर चढायची तेव्हा गावातल्या बाया म्हणायच्या, निघाली सावित्री. एरवी तिच्या ओटीवर कुणी टेकत नसे. मूलबाळ नाही, चहाड्या नाहीत, त्यात एवढी पुण्यवान. तिच्याशी बोलायचं तरी काय? भिमी गेल्यापासून गिरजेनं मीठही सोडलं होतं. ती मंगळ्याच्या झोपडीवर यायची, नाचणीचं पीठ ठेवायची, थोडा वेळ दाराशी बसायची आणि न बोलता उठायची.

"बाय, हात त्यांचा चुकला," मंगळ्या चालता चालता म्हणाला. "तुमी कशाला अळणी खाता?"

"कुणीतरी खायला हवं रे."

"मी त्यांना माफ नाय करणार. सांगून ठेवतो."

गिरजा थांबली. माळ तिनं मुठीत घेतली.

"नको करू," ती म्हणाली.

उंबराखाली मंगळ्यानं बकरं बांधलं. देवजी मचाणावर चढला, मागून गिरजा चढली. मंगळ्या टेकाडापलीकडं जाऊन बसला. आजही नेम चुकला तर उद्या कुणाच्या घरात चूल पेटणार नाही, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं. बकरं ओरडत होतं, मग एकदम गप्प झालं. फार वेळ काहीच झालं नाही. मग एक बार झाला, एकच.

तो धावत आला. वाघरू बकऱ्यापासून दोन हातांवर आडवं पडलं होतं. गोळी बरोबर पुढच्या पायाच्या फऱ्यामागं. देवजी खाली उतरला होता. गिरजा अजून वरच होती, गुडघ्यांत तोंड घालून.

मंगळ्यानं देवजीचे पाय धरले. "दादा, भिमी सुटली."

देवजीनं पाय मागं घेतले. "माझ्या पाया नको पडू," तो म्हणाला. मंगळ्याला तो म्हाताऱ्याचा मोठेपणा वाटला. मनातला सल तिथंच विरघळला.

पाड्यावरून माणसं ढोल घेऊन आली. देवजीला त्यांनी खांद्यावर घेतलं आणि वाजवत गावापर्यंत आणलं. बायांनी त्याला ओवाळलं. गिरजा सगळ्यांच्या मागं, एकटी चालत होती. जीवहत्या नवऱ्याची आणि उपास बायकोला, असं कुणीतरी हळहळून म्हणालं, पण तिच्याजवळ कुणी गेलं नाही.

घरात शिरल्यावर देवजीनं दाराला कडी घातली. बाहेर ढोल वाजतच होता. त्यानं आंबेहळद उगाळली, निखाऱ्यावर कोमट केली आणि गिरजेच्या उजव्या खांद्यावरचा पदर हळूच बाजूला केला. रायफलीचा दस्ता बसून खांदा काळानिळा पडला होता, जुन्या वळांवर नवा वळ.