तळपाय

ओट्यावर मांडी घालून बसलेल्या रुचिकानं उजवा पाय पुढं केला, घोट्यावर व्हायोलिनचं टोक टेकवलं, डोळे मिटले, आणि तिचा बाप सिद्धाराम जागेवरून उठून उभा राहिला. तिच्या तळपायासमोर, दोन हातांवर, अर्जुनराव खुर्ची टाकून बसले होते.

बसवजयंतीला पोरीचं वाजवणं ठेवा, हा हट्ट त्याचाच. परळीच्या थर्मलमधल्या एका साहेबांची म्हैसूरकडची बायको तिला शिकवायची. तिकडं हे विलायती वाद्य असंच, खाली बसून वाजवतात. विद्येला पाय लागतो म्हणून सिद्धारामनं सुरुवातीला घर डोक्यावर घेतलं होतं. पण तो पाय कुणाच्या तोंडासमोर येईल, हे काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

अर्जुनरावांपुढं सिरसाळ्यात कुणी पाय पसरत नसे. सिद्धारामचं किराणा दुकानही त्यांच्याच जागेत होतं, नुसत्या तोंडी शब्दावर.

अर्जुनरावांनी त्याला बोटानं जवळ बोलावलं. आवाज अगदी मऊ होता.

"आमी टीव्हीवर बघितलंय. खांद्यावर धरतेत की ते."

"मालक, तिकडच्या गाण्यात सूर लई हालवावे लागतेत. हात मोकळा ऱ्हावा म्हणून पायाचा टेका."

"मग भिंतीकडं तोंड करून बसीव तिला."

सिद्धाराम ओट्याकडं गेला. तिला थांबवायलाच गेला होता, खोटं कशाला बोला. पण पोरगी अशी काही रमली होती, की त्याला हात लावायचा धीर होईना. शेवटी तोच ओट्याच्या कडेला, तिच्या पायापुढं, अर्जुनरावांकडं तोंड करून हात जोडून बसला. आता तळपाय त्याच्या पाठीला लागला.

"सरक," अर्जुनराव म्हणाले.

"न्हाई, मालक."

हे आपण बोललो, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

अर्जुनराव हसले. खुर्ची मागं सारून उठले.

"बस, बस. किती दिवस बसतो, बघू."

ते निघाले. मागोमाग पहिली रांग उठली, मग दुसरी. चपलांचा आवाजसुद्धा कुणी होऊ दिला नाही.

पोरीच्या पायातून तारांची थरथर सिद्धारामच्या बरगड्यांत उतरत होती. ती थांबू नये, एवढंच त्याला वाटत होतं. थांबली, की रुचिकाला डोळे उघडावे लागणार होते.