कुलपातला फ्रीजर

“फ्रीजर कुलपात ठेवून तुम्ही माणूस सडवताय, सदरसाहेब.”

बदरुन्निसा मशिदीच्या ऑफिसच्या उंबऱ्यावर उभी राहून बोलली. हैदराबादेतल्या नामपल्ली स्टेशनमागच्या गल्लीतली छोटी मशीद. दुपारची जोहरची नमाज नुकतीच सुटली होती. चपला घालणारे पाच-सात जण थांबले, मग आपापल्या चपलांकडेच बघत राहिले.

कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, टेबलामागे बसले होते. बाहेर वरांड्यात मय्यत ठेवायचा फ्रीजर होता, काचेच्या झाकणाचा, कुणीतरी सवाबासाठी, पुण्य म्हणून, दान दिलेला. महिनाभर कुणी उघडला नव्हता. त्याच्यावर रमजानात जेवायला अंथरायचे दस्तरखान घडी करून ठेवले होते.

“आपा, आहिस्ता बोलो. मशीद है.”

“आहिस्ता सकाळी बोलून झालं. माझ्या शेजारचे शंकरराव काल संध्याकाळी मगरिबच्या वेळेला गेले. बर्फाच्या तीन लाद्या वितळल्या. भाड्याचे फ्रीजर सगळे बाहेर आहेत, या उन्हात शहरभर माणसं पडतायत. त्यांच्या लेकीची, स्वप्नाची गाडी चार तास लेट आहे. आत्ता कुठं तांडूर सोडलंय, अजून दोन तास लागतील. बापाचं तोंड बघायचंय तिला. बाकी काही मागत नाही.”

“मैं समझता, आपा. पण उसूल आहे. फ्रीजर अपनी जमात के वास्ते.”

“आणि जुम्म्याला माईक धरून काय सांगितलं तुम्ही? शेजाऱ्याचा हक्क चारी बाजूंना चाळीस घरांपर्यंत जातो. भोंग्यावर घरात बसून ऐकलं मी. माझ्या दारापासून त्यांचं दार चार पावलं आहे. पहिलंच घर ते.”

“वो बात अलग.” सदरांनी आवाज खाली आणला. “लोगां क्या बोलते? मराठवाड्याचे बौद्ध लोक ते. उद्या आपली मय्यत त्याच फ्रीजरात ठेवायला कोण तयार होईल?”

निघालं. पोटातलं होतं ते ओठावर आलं. ज्या गोष्टीपायी शंकररावांच्या बापानं गाव सोडलं, ती इथं मशिदीच्या वरांड्यात येऊन बसली होती.

“मी धुऊन देते,” बदरुन्निसा म्हणाली. “या हातांनी धुते. तुमच्याच हौदाच्या पाण्यानं. मग तर पाक होईल?”

एक म्हातारा पुटपुटला, “दे दो ना, सदरसाब.” सदरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा चपला घालून चालू लागला.

“आदमी कैसा था?” सदरांनी विचारलं. जणू चांगल्या माणसासाठी उसूल वाकला असता.

“तिरसट होते. माझ्या बादलीतलं पाणी जिन्यात सांडलं म्हणून सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. तरी हक्क आहे. तो शेजारी असण्याचा हक्क आहे, सदरसाहेब, चांगलं असण्याचा नाही. हे पण मीच सांगू तुम्हाला?”

सदरांनी रजिस्टर उघडलं. पहिलाच रकाना मय्यतीच्या नावाचा. पेन मात्र टेबलावरच राहिलं. “मुफ्तीसाब को पूछ लेता.” त्यांनी फोन लावला. लाईन बिझी. परत लावला. परत बिझी.

“माझं नाव लिहा.”

“क्या?”

“मय्यत, बदरुन्निसा. जमातीची आहे ना मी? लिहा, मेली म्हणून. फ्रीजर परत आला की खोडा. झूट माझ्या डोक्यावर.”

“तौबा करो, आपा! जिंदा औरत को मुर्दा लिखूं?” सदरांनी रजिस्टर खाडकन मिटलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा ते खुर्चीतून उठले. माणूस सडत होता तेव्हा नव्हते उठले.

तेवढ्यात बदरुन्निसाच्या मुठीतला फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला. पलीकडे चतुराबाई होत्या, शंकररावांची बायको. रडून रडून आवाज कोरडा झालेला.

“आपा, राहू द्या आता. अंग फुगलंय. भावकी ऐकत नाही, उचलायलेत. मी बी जाते संगं. चावी तुमच्या खिडकीत ठेवली.”

फोन बंद झाला. ऑफिसात आणि दाराशी थांबलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. सदरांनी मुफ्तींना लावलेला फोन हळूच टेबलावर ठेवला. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं, आणि ते लपवायची शुद्धही त्यांना राहिली नाही.

“अल्ला की मर्जी. जाओ आपा. सबर करो.”

बदरुन्निसा गेली नाही. ती उंबऱ्यावर बसली. सदरांची बाहेर पडायची वाट अडली.

“कुठं जाऊ? दोन तासांनी स्वप्ना जिना चढेल. घर बंद बघेल. माझं दार वाजवेल, चावी मागेल. मग मला विचारेल, आपा, दोनच तास होते, थांबवता नाही आलं? काय सांगू तिला? मुफ्तींना विचारून उद्या नका सांगू. आत्ता सांगा, या सगळ्यांसमोर. बोला, सदरसाहेब. काय सांगू?”