दुखणं परत येण्याची वेळ

फाउंड्रीच्या गेटबाहेर पडलं की मानेतली चिप बंद व्हायची आणि दिवसभर दाबलेलं दुखणं एकदम अंगावर यायचं. म्हणून कामगार बायका दात आवळूनच बाहेर पडत.

आज फरजाना पाठ धरून खाली बसली. तिच्या मैत्रिणीला, तेजश्रीला, मात्र काहीच झालं नाही.

"नशीबवान आहेस बाई!" म्हणत फरजानाने उठायला तिचा हात धरला आणि दचकून सोडला. तेजश्रीचा तळवा भाजून पांढराफटक पडला होता.

"तेजे, दुखत नाही तुला?"

"नाही गं. चिप चालू असेल अजून."

फरजानाने तिचे केस बाजूला केले. चिपचा दिवा विझलेला होता.

तेजश्रीने तळव्यात नख रुतवलं. मग आणखी जोरात रुतवलं.

"दुखू दे रे देवा," ती रडत म्हणाली, "थोडं तरी दुखू दे."