तूर म्हणजे हो

धुळ्याच्या वाचनमंडळात त्या रविवारी दहा जण जमले होते. नऊ मोठ्या शेतकऱ्यांची मुलं आणि दहावा भाईदास, नुकताच बी.एस्सी. झालेला, त्या नवांपैकीच एक असलेल्या मोतीलालच्या शेतावर सालाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचा मुलगा. जात सगळ्यांची एकच.

"सालदाराच्या शिकलेल्या मुलाला घरची मुलगी द्याल का?" असं भाईदासने विचारताच सगळ्यांनी समतेवर भाषणं ठोकली. पण तोंडी उत्तराला तो पुरावा मानत नसे. त्याने अरुंद तोंडाचं मडकं पुढे ठेवलं. हो असेल तर तुरीचा दाणा, नाही असेल तर सरकीचा. झाकल्या मुठीने आत टाकायचा. म्हणजे कुणाचं मत काय, ते कुणालाच कळणार नव्हतं.

मोतीलालच्या बहिणीला, कमलला, मागणी घालायचं भाईदासच्या मनात होतं आणि ते फक्त मोतीलालला ठाऊक होतं. आपली मूठ मडक्यात रिकामी करून तो भाईदासच्या कानाशी हसत म्हणाला, "मना ते होच शे, भाऊ! तू आते घोडावर बसानी तयारी कर."

भाईदासने स्वतः दाणा टाकला नाही. नऊही जणांचं झाल्यावर त्याने मडकं सतरंजीवर उपडं केलं.



सरकीचे दाणे नऊ, तुरीचे शून्य.